बाईसाहेबांचा डावा डोळा

माझे भाऊजी, म्हणजे धाकट्या बहिणीचे यजमान, नोकरीभर एकाच बाईचा चेहरा रंगवत आले. मला लिहिण्याची सवय नाही, हे नीट मांडता येईल की नाही कोण जाणे. पण त्यांच्या शेजारच्या टेबलावर मी चौकटी ठोकत असे, म्हणून पाहिलं तेवढं सांगतो.

आमच्या कारखान्यात नावाजलेल्या चित्रांच्या हाती रंगवलेल्या नकला होत. सगळ्यांत जास्त खप एका बड्या घरच्या बाईच्या चित्राचा. करडा रेशमी पोशाख, कोपरापर्यंत हातमोजे, किंचित वळवलेली मान, आणि नजर अशी की समोरचा माणूस म्हणजे दारातलं पायपुसणं. मूळ चित्र आमच्यापैकी कोणी पाहिलं नव्हतं. भिंतीला चिकटवलेल्या छापील चित्रावरून काम चाले. आम्ही तिला बाईसाहेब म्हणायचो. हॉटेलवाले आणि दातांचे डॉक्टर तिच्यावर फार खूश.

काम वाटलेलं होतं. पडदा एकाचा, रेशीम आणि हातमोजे दुसऱ्याचे, चेहरा भाऊजींचा. कॅनव्हास ओळीने लावलेले असत. रंग कालवला की भाऊजी आधी सगळे डावे डोळे करत जात, मग सगळे उजवे, मग नाकं, मग ओठ. पुढे पुढे ते भिंतीवरच्या चित्राकडे बघेनासेच झाले. ‘मला निसर्गचित्रांवर टाका,’ असं त्यांनी मालकांना सांगून पाहिलं.

“आणि बाईसाहेबांना कोणाच्या गळ्यात घालू?” मालक हसून म्हणाले. विषय संपला.

बहीण तिला सवत म्हणायची. भाऊजी घरी आले की विचारायची, “बरी आहे ना माझी सवत?”

“बरी आहे. तुझी चौकशी मात्र करत नाही.”

एकदा मी तिथे असतानाच ती म्हणाली, “अहो, गावभरच्या भिंतींवर ती. आपल्या एका भिंतीवर मी नको का?”

भाऊजी खुलले. सुट्टीच्या दिवशी तिला स्वयंपाकघरातल्या खिडकीशी बसवलं. मी कॅनव्हास ताणून दिला. दुपारी बहीण उठून बघते तर काय, लांब मान, सरळ नाक, अर्धवट मिटलेले डोळे.

“अगं बाई! ही तर माझे कपडे घालून आलीय!”

आम्ही पोट धरून हसलो. भाऊजींनी टर्पेंटाइनच्या फडक्याने चेहरा पुसला. पुढच्या सुट्टीला पुन्हा तीच आली. त्यानंतरही तीच. बहिणीच्या ओठाजवळ तीळ आहे, एक भुवई मधे तुटलेली आहे. भाऊजींनी दोन्ही अचूक काढलं, तर बाईसाहेबांना तीळ आला आणि त्यांची भुवई तुटली. आता कोणी हसलं नाही.

“इतकी वर्षं समोर वावरतेय,” बहीण हळूच म्हणाली, “तुम्हाला मी दिसतच नाही का?”

“दिसतेस गं. हात ऐकत नाही.”

त्यानंतर ती बसायची, पण शिवणटिपण घेऊन. एका दुपारी ती बटण लावत असताना भाऊजींनी नव्या कॅनव्हासवर चेहऱ्याची जागा कोरी सोडून तिचे हात काढायला घेतले. बाईसाहेबांच्या हातांत मोजे, आणि तेही दुसऱ्याच्या वाटणीचे. उघडा हात काढायची भाऊजींना सवयच नव्हती, त्यामुळे बघून बघून काढावा लागला. वाकडी करंगळी आली, मनगटावरचा भाजल्याचा डाग आला, सुई धरलेलं चपटं बोट आलं.

बहीण कितीतरी वेळ बघत राहिली. “हे माझेच,” ती म्हणाली.

भाऊजींनी ब्रश वर नेला. तिने त्यांचं मनगट धरलं.

“आज नको. तिला आज नका येऊ देऊ.”

मी चौकट करायला गेलो तेव्हा विचारलं, “वरचा कोरा भाग कापून टाकू का?”

“कापू नकोस, दादा. ती माझी जागा आहे.”

ते चित्र तसंच बैठकीत लागलं. पाहुणे विचारतात, चेहरा कुठाय? बहीण सांगते, “कामावर गेलाय.”

आता भाऊजींची नोकरी संपली. परवा गेलो तर चित्र भिंतीवरून खाली काढलेलं, बहीण खिडकीशी बसलेली, आणि भाऊजी चष्मा कपाळावर सारून कोऱ्या जागेत रंगवत होते.

“आली का?” मी दारातूनच विचारलं.

“आली ना,” बहीण न हलता म्हणाली. “तीच.”

भाऊजी फडका शोधत होते. मी उचलून दिला.