लांडग्याला ऐकू न जाणारा आवाज

मल्हारच्या कॉम्प्रेसरच्या, म्हणजे आवाज दाबणाऱ्या डब्याच्या, बटणाला पांढऱ्या रंगाची खूण होती. ती त्यानं स्वतः मारली होती. बटण त्या खुणेवरून हलत नसे.

त्याची रेकॉर्डिंगची खोली मलकापुरात, पिठाच्या गिरणीच्या वर होती. भिंतींना जतहून आणलेली जुनी घोंगडी ठोकलेली होती. लोकर आवाज पिते, हे मेंढरांमागं वाढलेल्या पोराला कुणी शिकवावं लागत नाही. पोटासाठी तो मंडपवाल्याकडं लागला. ट्रॉलीवर बॉक्स चढवले, उतरवले, पाठ मोडेपर्यंत. त्यातूनच वायरी जोडायला शिकला, मग आवाज जुळवायला. ही खोली उभी करायला त्याला कुणी हात दिला नव्हता.

यात्रेची गाणी, वाढदिवसाची गाणी, प्रचाराची गाणी तो करून द्यायचा. गिऱ्हाईक एकच मागायचं, ट्रॅक्टरवर दणकलं पाहिजे. त्यासाठी कॉम्प्रेसर. त्याचं काम सांगायला सोपं आहे. आवाज ठरलेल्या रेषेच्या वर गेला की यंत्र त्याला दाबतं. मग सगळाच आवाज एकदम वर उचलता येतो. मोठा आवरतो, बारीक मोठा होतो, आणि इंजिनाच्या घरघरीतही शब्द सुटत नाही. मल्हारचा डबा माइक आणि कॉम्प्युटरच्या मध्येच बसवलेला होता. म्हणजे आवाज दाबूनच आत जायचा. एकदा दाबून आत गेला की तो पुन्हा सैल करता येत नाही. त्याची कधी गरजही पडली नव्हती.

त्या दिवशी त्याचा चुलता अर्जुना आला. सोबत चुलती रंगुबाई, आणि ओवीच्या शेवटी साथ धरणारा सयाजी. अर्जुनाच्या घशात गाठ होती. दुसऱ्या दिवशी मिरजेच्या दवाखान्यात भरती व्हायचं होतं. डॉक्टर आवाजाची पेटीच काढणार होते. म्हातारा जगणार होता, पण बोलणार नव्हता. रंगुबाईनं पुतण्याला फोनवर एवढंच सांगितलं होतं, "जाळीची ओवी मला घरात पायजे. बाकी कायबी नगं."

ती ओवी अर्जुनाची स्वतःची. एक गाभण मेंढी बाभळीच्या जाळीत चुकते. जवळच लांडगा बसलेला. मेंढका कुजबुजत तिला शोधतो, मधूनच लांब जाऊन हाळी देत लांडग्याला चकवतो. मेंढी दिसली की एकदम जवळून मोठी हाळी देतो, लांडगा दचकून पळतो. अर्जुना ही ओवी माळावर म्हणायचा, तेव्हा ऐकणारे श्वास धरून बसत.

गिरणी दुपारी बंद असायची. ती सुरू झाली की खोलीची जमीन थरथरायची, म्हणून तेवढाच वेळ होता. मल्हारनं चुलत्याला एका माइकसमोर, सयाजीला दुसऱ्या माइकसमोर उभं केलं आणि चुलत्याच्या हातातली घुंगुरकाठी काढून घेतली.

"असू दे की रं," अर्जुना म्हणाला. आवाज चिरका झाला होता.

"घुंगरं वाजत्यात, तात्या."

"घुंगरं वाजनार न्हाईत तर काय गानी म्हनतील?"

सयाजी हसला. मल्हार हसला नाही. त्यानं काठी कोपऱ्यात ठेवली, काचेमागं जाऊन बसला आणि बटण दाबलं. अर्जुनानं ओवी म्हटली. हाळीच्या जागी हाळी आली, सयाजीनं शेवटचे शब्द उचलले. कॉम्प्युटरच्या पडद्यावरची आवाजाची रेघ कुठं उंच नाही, कुठं खोल नाही, एकसारखी जाड निघाली. मल्हारला समाधान वाटलं. चांगल्या कामाची रेघ अशीच असते, असं तो आजवर धरून चालला होता.

त्यानं सगळ्यांना आत बोलावलं आणि स्पीकरवर ओवी लावली.

पहिल्याच ओळीला रंगुबाईनं पदर तोंडाशी नेला. शब्दाशब्दांच्या मध्ये अर्जुनाचा श्वास ऐकू येत होता. घरघर, ओली, घशातल्या गाठीला घासून येणारी. गाण्याएवढीच मोठी. खोलीत गाताना ती कुणाला जाणवली नव्हती. यंत्रानं ती वर उचलून सगळ्यांसमोर ठेवली होती.

"हे बंद कर," रंगुबाई म्हणाली. "रातभर हेच ऐकती मी. ह्येला कशाला मशीन पायजे?"

अर्जुना मात्र शेवटपर्यंत ऐकत राहिला. मग म्हणाला, "मल्ल्या, ह्यातला लांडगा बहिरा हाय का रं?"

मल्हारला कळेना.

"मी जाळीत कुजबुजतोय. आनि तू मला गावात दवंडी द्यायला लावलीयास. लांडग्यानं कवाच ऐकलं असतं. मेंढी गेली." त्याला खोकला आला. तो बराच वेळ थांबला नाही.

मल्हारनं कॉम्प्युटरवर दुरुस्ती करून पाहिली. श्वासाच्या जागा कापल्या, तर शब्दांची टोकं तुटली. आवाज खाली ओढला, तर कुजबुज आणि हाळी दोन्ही एकत्रच खाली गेली. मूळ काही उरलंच नव्हतं. पांढऱ्या खुणेवरून जे आत गेलं होतं, तेवढंच होतं.

"परत म्हनतो," अर्जुना म्हणाला.

"आवं, बास करा आता," रंगुबाई कडाडली. "रगत आलं तर उद्या डाक्टरला काय दाखवू?"

"डाक्टर ह्यो घसा काढून टाकनारच हाय की. जपून कुनाला ठिवू?"

खाली गिरणीचं शटर वर गेल्याचा आवाज आला. मल्हार जिना उतरून धावला. गिरणीवाल्याच्या हातापाया पडून त्यानं थोडा वेळ मागून घेतला. वर येईपर्यंत त्याच्या डोक्यात हिशेब चालू होता. डबा काढायचा, हे नक्की. पण डब्याशिवाय आवाज ठेवायचा किती? हाळीला पुरेल इतका कमी ठेवला, तर कुजबुज त्याच्या जुन्या माइकच्या सूं सूं मध्ये बुडणार. कुजबुजीला पुरेल इतका वाढवला, तर हाळी आली की आवाज फाटणार. एकच ओवी उरली होती त्या घशात.

म्हणजे हातानं करायचं. कुजबुजीला वाढवायचं, हाळीच्या क्षणभर आधी उतरवायचं. नंतर उतरवून उपयोग नाही.

हाळी कधी येणार हे कागदावर कुठं नव्हतं. अर्जुना दर वेळी वेगळा वेळ घ्यायचा. पण लहानपणी मेंढरांमागं बसून मल्हारनं ही ओवी शेकडो वेळा पाहिली होती. पाहिली होती, हे त्याला आता आठवलं. हाळी देण्याआधी चुलत्याची काठी उजव्या हातातून डाव्या हातात जायची. उजवा हात कानाशी नेण्यासाठी.

तो कोपऱ्यात गेला. काठी उचलून त्यानं चुलत्याच्या हातात दिली.

"आता घुंगरं न्हाई का वाजत?" अर्जुना म्हणाला.

"वाजू द्या."

डब्याची वायर त्यानं उपटली. चुलत्याचा माइक सरळ कॉम्प्युटरला जोडला. आवाजाच्या बटणावर बोटं ठेवली आणि पडद्याकडं पाठ केली. तो काचेतून काठीकडं बघत बसला.

ओवी सुरू झाली. अर्जुना कुजबुजू लागला, मल्हारनं आवाज वाढवला. घुंगरांची बारीक किणकिण आली. काठी हलली, बोटं फिरली, हाळी आली. फाटली नाही. सयाजीनं शेवट उचलला. पुन्हा कुजबुज. पुन्हा काठी. मल्हारच्या मनगटाला रग लागली होती. बोटं घामानं निसटू नयेत म्हणून त्यानं ती पँटीला पुसली, तेवढ्यात काठी सरकू लागली होती. त्यानं कसंबसं गाठलं.

शेवटची हाळी राहिली. तीच खरी, लांडग्याला पळवणारी. अर्जुना दमला होता. त्यानं काठी दोन्ही हातांनी धरून तिच्यावर भार टाकला. आता काठी हातातून हातात जाणार नव्हती. रंगुबाई काचेला हात लावून उभी होती. मल्हारनं डोळे मिटले आणि कानावरच्या हेडफोनला शरण गेला. कुजबुज बारीक होत गेली. मग शब्द थांबले. श्वासाची घरघर सुरू झाली, लांब, खोल, तळापासून भरून घेणारी. त्यानं बटण फिरवून आवाज उतरवला.

हाळी आली. पहिलं अक्षर जरा खरचटलं. पुढचं सगळं पुरं उतरलं.

अर्जुना खाली बसला. रंगुबाईनं दार ढकललं आणि आधी त्याचं तोंड उघडायला लावून आत पाहिलं. रक्त नव्हतं. "म्हातारपनी हौस," ती म्हणाली, आणि मग तिला रडू आवरेना. खाली गिरणी सुरू झाली.

पुढं जुळवणी करताना मल्हारनं कॉम्प्रेसर सयाजीच्या आवाजाला थोडा लावला. तो माइकला तोंड चिकटवून ओरडला होता. चुलत्याच्या आवाजाला काहीच लावलं नाही. खरचटलेलं अक्षर तसंच ठेवलं. ते झाकायला गेलं तर मागचा श्वासही जात होता.

अर्जुना मिरजेहून घरी आला तेव्हा जतच्या घरात भावकी जमली. त्याच्या गळ्याला पांढरं कापड होतं. मल्हारनं फोनला छोटा स्पीकर जोडला आणि ओवी लावली.

"ऐकूच येईना गड्या," मागून कुणीतरी म्हणालं. "वाढव की. तुझी गानी तर दोन गावं ऐकत्यात."

मल्हारनं हात पुढं केला नाही. अर्जुनानं काठी जमिनीवर आपटली. घुंगरं वाजली. रंगुबाईनं उठून पंखा बंद केला आणि दारातल्या पोरांना गप्प केलं. मागची माणसं सरकत सरकत पुढं आली. शेवटी सगळे त्या एवढ्याशा स्पीकरभोवती वाकून बसले. आता जाळी ऐकू येत होती.

मल्हार चुलत्याकडं बघत होता. कुजबुज बारीक झाली. अर्जुनाची काठी उजव्या हातातून डाव्या हातात गेली.

मल्हारची बोटं मांडीवर आपोआप आवाज उतरवल्यासारखी फिरली. आणि हाळी आली.