अण्णांना ऐकू न आलेला आवाज

विनयचा फोन आला तेव्हा मी इंदिरानगरात एका ऑफिसबाहेर सफाई कामगारांच्या सभेची पत्रकं वाटत होते. "अप्पा गेले," तो म्हणाला. "सकाळी झोपेतच." विनय माझा चुलतभाऊ. त्याचे अप्पा म्हणजे माझे थोरले काका, ज्यांना घरापासून चिकपेटेच्या बाजारापर्यंत सगळेच अण्णा म्हणत. हातातली उरलेली पत्रकं मी वाटून संपवली आणि मगच निघाले. अर्ध्यावर टाकलेलं काम त्यांना खपत नसे.

अण्णा चिकपेटेतून कापडाच्या गाठी वाहून नेत. ट्रक स्वतःचा, चालवणारे स्वतः, दुरुस्त करणारेही स्वतःच, आणि या तिन्ही गोष्टींचा त्यांना भारी गर्व. माझ्या वडिलांनी छापून आणलेली पत्रकं त्यांच्याच केबिनमधून शहरभर जायची. मी वाचायला शिकले ती त्या गठ्ठ्यांवर बसून. "तुझ्या बापाचा माल वजनाला हलका आणि भांडणाला जड," असं ते म्हणत.

दोनेक वर्षांपूर्वी त्यांनी ट्रकला नवा निळा रंग दिला. त्यानंतर एकदा मोठ्या खुशीत मला सांगू लागले, "हल्ली मी बाजारात शिरलो की माणसं वळून बघतात. रंग आवडला बघ सगळ्यांना." माणसं वळून बघत होती हे खरं होतं. पण त्यांच्या ट्रकच्या इंजिनाचा पट्टा असा कर्कश ओरडत होता की आख्खी गल्ली कानांवर हात ठेवी. तो आवाज फक्त अण्णांना ऐकू येत नव्हता. बोलणं त्यांना कळे, इंजिनाची घरघर कळे. बारीक, तीक्ष्ण आवाज मात्र कधीच निघून गेले होते. कानात घालायचं यंत्र त्यांनी दोन दिवस वापरून काढून ठेवलं होतं. "एकदम सगळं शहर डोक्यात शिरतं," म्हणाले.

विनयला हे कळलं तेव्हा तो मारतहळ्ळीहून तडक घरी आला. "अप्पा, बास झालं. ट्रक विकायचा."

मी भडकले. माणूस म्हणजे झिजला की फेकायचा सुटा भाग आहे का? काम हाच ज्याचा मान, त्याच्याकडून ते काढून घेणारे आपण कोण? मी आणखी बरंच बोलले असते, पण अण्णांनी हात वर केला. "तुझं पत्रक नंतर वाच गं. विनय, आवाज आहे म्हणतोस ना? मी शोधून दिला तर लॉरी राहील. नाही सापडला तर वीक. सरी?"

"सरी, कबूल," विनय म्हणाला. ऐकूच न येणारा आवाज ते शोधू शकणार नाहीत, याची त्याला खात्री होती. खरं सांगायचं तर मलाही होती.

अण्णांनी अंगणात बॉनेट उघडलं, इंजिन चालू केलं आणि आम्हा दोघांना समोर उभं केलं. "आता आवाज काढून दाखवा."

"किंऽऽऽ," विनय म्हणाला.

"नाही, चिक्-चिक्-चिक्," मी म्हणाले.

"दोघं दोन लॉऱ्या ऐकताय काय? स्वल्प, जरा नीट ऐका! लांब किंचाळी असेल तर पट्टा ढिला. चिमणीसारखी चिवचिव असेल तर पुली वाकडी."

शेजारीपाजारी जमले. अण्णांनी तांब्याभर पाणी घेतलं आणि लांबूनच पट्ट्याच्या आतल्या बाजूवर जरासं शिंपडलं. त्यांची नजर मात्र पट्ट्यावर नव्हती. ते माझ्या तोंडाकडे बघत होते... आवाज थांबला. माझ्या कपाळावरची आठी गेली असणार. थोड्या वेळानं पट्टा सुकला आणि विनयनं पुन्हा दात आवळले.

"गेला, आणि परत आला," अण्णा म्हणाले. "ढिला असता तर पाण्यानं आणखी बोंबलला असता. पुली वाकडी बसलीय."

इंजिन बंद करून त्यांनी पुल्यांना एक सरळ पट्टी लावली. डायनामोची पुली जराशी आत गेली होती. मागचं वॉशरच घातलेलं नव्हतं. "कुठल्या गाढवानं बसवलीय ही?"

"अप्पा, तुम्हीच. उगादीच्या सणाआधी."

सगळे हसले. सगळ्यात मोठ्यानं अण्णा. वॉशर घातलं, इंजिन पुन्हा चालू केलं, आणि आमचे चेहरे शांत राहिले. मी टाळ्या वाजवल्या. विनयनं मान तुकवली. "ठरलं तसं. ट्रक राहील."

अण्णा कापडाला हात पुसत होते. बराच वेळ पुसत राहिले. मग खिशातून किल्ली काढून त्यांनी मंजुनाथला दिली. मंजुनाथ शेजारचा, दुसऱ्यांच्या गाड्या चालवणारा. "उद्यापासून तू चालव."

"अण्णा!" मी ओरडले. "तुम्ही जिंकलात की!"

"जिंकलोच. पुढं तुमची तोंडं होती म्हणून जिंकलो. मागून अँब्युलन्स आली तर तिचं तोंड मी कुठं बघू?"

हक्क कसा मागायचा हे मला पत्रकांनी शिकवलं होतं. तो जिंकून, हातात असताना, दुसऱ्याच्या जिवासाठी सोडून देणारा माणूस मी पहिल्यांदाच बघत होते.

घरी मात्र ते बसले नाहीत. रोज सकाळी केबिनमध्ये डावीकडे, मंजुनाथच्या शेजारी. सारखी टोचणी: "गिअर काय उसाच्या चरकासारखा फिरवतोस?" मंजुनाथ म्हणे, "अण्णा, आज लॉरी मी चालवतोय की तुम्ही?"

परवा, अण्णांना जाऊन महिना उलटल्यावर, सभेचे फलक न्यायला मी त्याच ट्रकमध्ये बसले. डाव्या बाजूला पायाखालची रबरी चटई उजव्या पायाच्या जागी पार झिजून तिला भोक पडलं होतं, खालचा पत्रा चकाकत होता. तिथं ब्रेक नाही. कधीच नव्हता. मी विचारलं तर मंजुनाथ रस्त्यावरची नजर न काढता म्हणाला, "अक्का, विनयअण्णा नवी चटई घेऊन आले होते. मी परत पाठवली."

पुढं शाळेजवळचं वळण होतं. रस्ता मोकळा होता. "इथं अण्णा पाय दाबायचे," तो म्हणाला, आणि त्यानं ट्रक हळू केला.