म्हात्रे बाईंची चढाई

म्हात्रे बाई माणसाच्या तोंडाकडे नंतर बघायच्या, आधी पायांकडे. कित्येक वर्षांनी मी त्यांच्या वरसेतल्या घराचं दार वाजवलं, तेव्हाही त्यांची नजर खालीच गेली. "डावी टाच दुखतेय तुझी. सगळं वजन उजवीकडं टाकून उभी हायस," त्या म्हणाल्या, आणि मग मान वर करून, "अरुणा ना गो तू? ये आत."

पेणच्या शाळेत त्या आम्हाला खेळ शिकवायच्या आणि मुलींचा कबड्डीचा संघ तर त्यांचा जीव की प्राण होता. मी त्या संघात तीन वर्षं होते, बहुतेक वेळ राखीव म्हणून बाहेर बसलेली. निवृत्तीनंतरही त्या रोज संध्याकाळी मैदानावर जात. मग अर्धांगवायूचा झटका आला. पाय सावरले, पण डावा हात गेला तो गेलाच. त्या रोह्याजवळ वरसेला धाकट्या बहिणीकडे, सुमनताईंकडे राहायला आल्या आणि कबड्डीचं नाव टाकलं. संघातल्या मुली दोनदा बोलवायला येऊन गेल्या होत्या. "जे करून दाखवता येत नाय ते शिकवायचं कसं?" एवढंच बोलून बाईंनी त्यांना चहा पाजून परत पाठवलं होतं.

मी मोबाइलवरचे खेळ बनवणाऱ्या एका लहानशा कंपनीत आहे, रोह्याला घरी बसूनच काम करते. त्या वेळी आमचा एक नवा खेळ बाहेर पडायच्या बेतात होता. फुकट खेळायचा, महानायकांचा. शहरावर राक्षस चालून आलेत. आपण एक नायक निवडायचा, लढायचं, लढता लढता त्याच्या शक्ती वाढवत न्यायच्या. ज्यांनी असं काही कधी खेळलेलं नाही अशा माणसांच्या हातात तो द्यायचा आणि त्यांना पहिल्यांदा काय वाटलं ते लिहून पाठवायचं, हे माझं काम. खरं सांगायचं तर बाईंना भेटायला मला एक निमित्त हवं होतं.

त्यांनी चष्मा पुसला आणि टॅबलेट मांडीवर घेतला. निळ्या पोशाखातली, उडणारी एक नायिका निवडली आणि लगेच म्हणाल्या, "हिच्या पाठीवर हे लांबलचक फडकं काय सोडलंय? चढाईला गेली की मागून कोणीतरी धरील."

मी लिहून घेतलं. मधेच पडद्यावर नव्या पोशाखांचं दुकान उघडलं.

"फुकट म्हणालीस ना?"

"फुकटच आहे, बाई. हे ज्याला हवं त्याने घ्यायचं."

"मग खेळून झाल्यावर दाखवा. चढाई चालू असताना मैदानात कोणी शेंगदाणे विकायला येतो का?"

तेही लिहिलं. मग पहिला राक्षस आला. नायिकेला पळवायला डावा अंगठा लागतो, मारायला उजवा. बाईंनी डावा हात उजव्याने उचलून काचेवर ठेवला. अंगठा हलला नाही. नायिका जागच्या जागी उभी राहून मार खात राहिली, पडली. त्यांनी पुन्हा सुरू केलं. पुन्हा पडली. तिसऱ्यांदा पडल्यावर त्यांनी टॅबलेट माझ्याकडे दिला आणि खिडकीकडे बघत म्हणाल्या, "खेळ चांगला हाय. पण दोन हातवाल्यांचा हाय. लिही तसं."

सुमनताई आत चहा गाळत होत्या, त्या तिथेच थांबल्या. मला वाटलं, कशाला आणला मी हा खेळ इथे.

मी बाईंचे शब्द जसेच्या तसे पाठवले. दुसऱ्या दिवशी आमच्या प्रमुखाचा, समीरचा, निरोप आला: मुद्दा बरोबर आहे, पण आता वेळ नाही, पुढे बघू. हे बाईंना सांगितलं तर त्या म्हणाल्या, "लाव त्याला फोन. तोंड दिसतं तो."

समीर पडद्यावर आला. बाईंनी आवाज चढवला नाही. त्या म्हणाल्या, "बाळा, तुझ्या राक्षसाला मी तीनदा बघितलं. झेप घ्यायच्या आधी तो उजवा पाय मागं सरकवतो. दर वेळी. तेव्हा डावीकडनं आत शिरलं तर तो पडेल. हे तुझ्या माणसांना ठाऊक हाय?"

समीर लिहून घेऊ लागला. आमच्यातल्या कोणालाच तो राक्षस तोवर सहज पाडता आला नव्हता.

"मला ठाऊक हाय," बाई म्हणाल्या. "फक्त तिथवर जायला तू मला रस्ता ठेवला नायस."

तीन आठवड्यांनी खेळाची नवी आवृत्ती आली. त्यात एका अंगठ्याने खेळायची सोय होती: बोट जिथे टेकवाल तिकडे नायिका धावते, दोनदा टेकवलं की वार करते. मी धावत वरसेला गेले. बाईंनी टॅबलेट उशीला टेकवून उभा केला. पहिल्यांदा पडल्या, दुसऱ्यांदाही. तिसऱ्या वेळी राक्षसाचा उजवा पाय मागे सरकला आणि बाई पुटपुटल्या, "आता." नायिका डावीकडून आत शिरली. राक्षस गुडघ्यावर आला आणि मग अख्खा कोसळला. सुमनताईंनी डोळ्यांना पदर लावला. बाई मात्र मला म्हणाल्या, "बघितलंस? घाई केली नाय म्हणून."

मग त्यांनी टॅबलेट बाजूला सारला. म्हणाल्या, "हात गेला तेव्हा डोकं नव्हतं गेलं गो. ते मीच बंद करून ठेवलं. पेणच्या पोरींना सांग, रविवारी येते."

रविवारी मीच त्यांना गाडीने पेणला नेलं. मैदानाच्या कडेला खुर्ची टाकली. कप्तान मुलगी पुढे आली आणि सवयीने बोलून गेली, "बाई, पकड करून दाखवा ना." बोलल्यावर तिची तिलाच लाज वाटली.

"मी नाय दाखवणार," बाई म्हणाल्या. "तू कर. कुठं चुकतेस ते मी सांगते."

अंधार पडेपर्यंत त्या सांगत होत्या. टाच उचल, गुडघा वाकव, तिच्या डोळ्यांत बघू नको. महिन्याभरात त्यांनी पेणलाच खोली घेतली. वरसेहून निघताना सुमनताई रडल्या, तर त्यांना म्हणाल्या, "पेणला चाललेय, परदेशी नाय."

त्या हंगामात पेणच्या मुली जिल्ह्याच्या अंतिम सामन्याला पोचल्या. सामना रोह्यात होता. शेवटच्या चढाईला दोन्ही संघ बरोबरीत होते आणि समोरची चढाईपटू जिल्ह्यातली सगळ्यात चपळ मुलगी होती. आमच्या कप्तानाने तिच्या तोंडाकडे एकदाही पाहिलं नाही. चढाईपटूचा पाय मागे सरकला तशी तिने घोट्याला पकड घातली आणि सोडली नाही. शिट्टी वाजली.

मुलींनी बाईंना खुर्चीसकट उचललं आणि मैदानाला फेरी मारली. बाई उजव्या हाताने खुर्ची घट्ट धरून ओरडत होत्या, "खाली ठेवा गो, पडेन मी." कोणी ऐकलं नाही. आणि खरं म्हणजे, कोणी ऐकावं असं त्यांनाही वाटत नव्हतंच.