रोमचा कारकून

अकरावीला रोमन साम्राज्य शिकवताना मी गॉलच्या, म्हणजे आजच्या फ्रान्सच्या, सरदारांची यथेच्छ टर उडवायचो. रोमनं तो मुलूख तलवारीनं जिंकला, पण पुढं राखला तो तिथल्याच माणसांकडून. बड्या घरच्यांना रोमन झगे दिले, नागरिकत्व दिलं, लॅटिन शिकवली आणि आपल्याच शेजाऱ्यांच्या जमिनी मोजायला बसवलं. "एवढ्या मुलखाला सैन्य कुठं पुरतं? कारकून पुरतात," असं मी म्हणायचो. वर्ग हसायचा. मला ते वाक्य फार आवडायचं.

मग आमच्या खाडीवर प्रकल्प आला आणि जमिनींच्या सर्वेक्षणाला शिक्षकांना जुंपलं. सर्वेक्षणाचे साहेब म्हणाले, "तुमचंच गाव आहे, सर. लोक तुमचं ऐकतील." खोटं कशाला बोलू, मला बरं वाटलं. गळ्यात ओळखपत्र अडकवून मी गावात शिरलो.

आमच्या खारजमिनीचा कायदा सोपा होता. खाडीचं पाणी अडवणाऱ्या बांधावर जो दरवर्षी चिखल टाकील, बांधामागचं भाताचं खाचर त्याचं. चिखल टाकताना अख्खा गाव बघतो, मग कागद कशाला? त्यामुळं सातबाऱ्यावर अजून मुंबईला गेलेल्यांची आणि वारलेल्यांची नावं. माझ्या विधवा चुलतीनं तीस वर्षं त्या बांधावर पाट्या वाहिल्या. एका खाचराशिवाय तिच्याकडं काही नव्हतं.

फॉर्मात रकाना सातबाऱ्यावरच्या नावाचा. कसणाऱ्याचं नाव कुठं लिहू, असं मी साहेबांना विचारलं. "कागद नसेल तर अतिक्रमण लिहा." मी भांडायला हवं होतं. निदान वेगळ्या कागदावर टिपण तरी जोडायचं. पण नोकरीला जपणारा माणूस मी, माझ्या सुवाच्य अक्षरात चुलतीच्या खाचरापुढं 'अतिक्रमण' लिहिलं. ती शेजारीच माझ्यासाठी तांदळाच्या भाकऱ्या थापत होती.

"माझं नाव लिवलंस न्हवं?"

"व्हय, काकी."

तिनं हाताचं पीठ पुसलं आणि अंगठा दिला. मी भाकरी खाऊन पुढच्या घरी गेलो.

पावसाळ्याच्या तोंडावर बांधाला तारेचं कुंपण पडलं. मोबदल्याच्या यादीत ती नव्हती. सगळं सांगून टाकायचं, असं ठरवूनच मी तिच्याकडं गेलो. भाताची पेरणी करायच्या दिवसांत ती ओटीवर नुसती बसून होती. स्वतःची एवढी किळस मला कधी आली नव्हती.

"यादीत माझं नाव न्हाय म्हंत्यात," ती म्हणाली. "वरच्यांनी खोडलं असंल. तू हुतास म्हणून लिवलं तरी गेलं. परका असता तर त्यानं काय केलं असतं, कोण जाणे."

मी होकारार्थी मान हलवली.