पुस्तिकेला माणसं मिळवून देणारे मामा

माझ्या बायकोच्या मामांना 'नाही' म्हणू शकणारा माणूस मराठवाड्यात अजून जन्माला यायचा आहे, आणि जन्मला तरी मामा त्याला बारशातच कामाला लावतील याची मला खात्री आहे. मामा लातूरच्या बसस्थानकावर वाहतूक नियंत्रक होते. तीसेक वर्षं खिडकीत बसून त्यांनी 'मुखेडची गाडी कधी हाय' या एकाच प्रश्नाला उत्तर दिलं. विचारणाऱ्याच्या डोक्यावरच वेळापत्रकाची पाटी टांगलेली असे, पण मामांना त्याचा कधी राग आला नाही. "पाटी वाचूनच माणूस विचारतो, पाव्हणं," ते मला समजावत. "पाटी जुनी असती, हे त्याला ठाऊक असतं."

निवृत्तीनंतर मामा माझ्या वाट्याला आले. मी लातुरात एका क्लासमध्ये संगणक शिकवतो आणि फावल्या वेळात पाच-सहा मित्रांबरोबर गावोगावच्या वाचनालयांसाठी एक सॉफ्टवेअर चालवतो. ते फुकट आहे, त्याचा कोड सगळ्यांना खुला आहे, ज्याला वाटेल त्याने तो सुधारावा. कोड सुधारायला लोक हौसेने येतात. ते कसं वापरायचं हे सांगणाऱ्या माहितीपुस्तिकेला मात्र कुणी हात लावत नाही. सॉफ्टवेअर दर चार महिन्यांनी बदलायचं आणि पुस्तिका होती तिथेच बसलेली असायची. 'पुस्तिकेसाठी स्वयंसेवक हवेत' असं आम्ही दोन वर्षं वेबसाइटवर लिहून ठेवलं होतं. त्याला एकच उत्तर आलं, आणि त्या गृहस्थांना ती नोकरी वाटली होती.

मग मुखेडचं प्रकरण झालं. तिथल्या एका छोट्या वाचनालयाच्या ग्रंथपाल नसरीनबाजी (गावाच्या ताई, म्हणून बाजी) यांचा फोन आला तेव्हा मामा माझ्यासमोर चहा पीत होते. वर्षअखेरीस जुन्या नोंदी बाजूला काढायचं बटण आम्ही नव्या आवृत्तीत बदललं होतं. आता तेच बटण सगळ्या नोंदी पुसत असे. पुस्तिकेत मात्र 'हे बटण निर्धास्त दाबावे' असं जुनंच वाक्य राहिलं होतं. "सर, तुमच्या पुस्तिकेत लिहिलंय तसंच केलं मी," बाजी शांतपणे म्हणाल्या. "आता एक बी वाचक दिसंना झालाय." मी त्यांना नव्या आवृत्तीतले बदल समजावू लागलो. मामांनी माझ्या हातातला फोन घेतला, "बाजी, उद्या सकाळच्या गाडीनं येऊन राहिलो," एवढंच म्हणाले आणि फोन ठेवला. कोण येणार आहे हे मी विचारलं नाही.

दुसऱ्या दिवशी मला वाचनालयात उभं करून मामांनी माफी मागायला लावली. मी ती मागितली, आणि ती मागताना मला खरंच लाज वाटली. मग कागदी रजिस्टर उघडून मामा चार दिवस नावं वाचत राहिले आणि बाजी ती पुन्हा भरत राहिल्या. शेवटच्या दिवशी मामा म्हणाले, "बाजी, आता ह्या बटणाचं पान तुम्हीच लिहा."

"माझं मराठी कच्चं हाय, मामा. आणि मला कम्प्युटरातलं काय कळतं?"

"जिचं सगळं पुसल्या गेलं, तिला कळलं तेवढं आमच्या पाव्हण्याला कळलेलं न्हाई."

बाजींनी पान लिहिलं. त्याची सुरुवात अशी आहे: 'हे बटण दाबण्याआधी थांबा. मी दाबलं होतं.' आमच्या पुस्तिकेत आजवर सगळ्यात जास्त वाचलं गेलेलं पान तेच.

त्यानंतर मामांनी मला न विचारता वेबसाइटवर स्वतःचा नंबर टाकून घेतला. त्यांचा नियम साधा होता. कुणीही अडचण विचारावी, मामा माझ्याकडून उत्तर काढून त्याला सांगणार, आणि समजलेलं त्याने चार ओळींत लिहून धाडायचं. भोकरच्या एका शिक्षकाने उत्तर घेतलं आणि फोन बंद ठेवला. तिसऱ्या दिवशी मामा एसटीने त्यांच्या शाळेत जाऊन हेडमास्तरांच्या खोलीत बसले. "काही न्हाई, सहज आलो," एवढंच ते येणाऱ्याजाणाऱ्याला सांगत होते. मधल्या सुट्टीपर्यंत शिक्षकांनी अख्खं प्रकरण लिहून दिलं आणि वर मामांना डबाही खाऊ घातला. आलेलं प्रत्येक पान मामा त्यांच्या शेजारच्या, दालमिलमधून निवृत्त झालेल्या मुकादमाला माझ्या संगणकापुढे बसवून वाचून दाखवत. मुकादमाने त्याआधी माउसला हात लावलेला नव्हता, हीच त्याची पात्रता. 'प्रथम लॉगिन करा' या ओळीवर त्याने "कुठं?" असं विचारलं, आणि मामांनी माझ्याकडे पाहून पान नापास केलं. ते पान मी लिहिलेलं होतं.

अशी तीन वर्षांत उदगीरपासून देगलूरपर्यंत माणसं जमली. त्यांच्या नावांची यादी पुस्तिकेच्या शेवटी आहे. मामांचं नाव घालतो म्हटलं तर त्यांनी घालू दिलं नाही. "मी एक ओळ लिहिली न्हाई. विचारून राहिलो फक्त."

गेल्या वर्षापासून मामांना ऐकू कमी येतं. फोनवरचं तर काहीच कळत नाही, म्हणून वेबसाइटवरचा त्यांचा नंबर मीच काढला, त्यांना सांगूनच. मागच्या महिन्यात भेटायला गेलो तेव्हा एक नवं पान सोबत नेलं होतं. निलंग्याच्या एका मुलीने लिहिलेलं. त्यांच्या कानाशी तोंड नेऊन मी ते सावकाश वाचलं. दोन ठिकाणी त्यांनी मान हलवली, एका ठिकाणी "हितं घाई केली तिनं," म्हणाले.

"हिला कुणी गाठलं?" त्यांनी विचारलं.

"कुणीच नाही, मामा. तिनं स्वतःहून पाठवलं. आता येतात तशी."

मामा खिडकीबाहेर बघू लागले. त्यांना ऐकू गेलं की नाही, मला कळेना, म्हणून मी पुन्हा सांगायला वाकलो.

"ऐकलं, पाव्हणं," ते म्हणाले. "चांगलं झालं." आणि थोड्या वेळाने, माझ्याकडे न बघता, "तिला फोन करून विचारा तरी, जेवली का म्हणून."