दहा लाख एकची पत्रिका

लेकीच्या शाळेत गणिताच्या मॅडमनी सातवीच्या पोरांना एकेक दांडगी संख्या वाटून दिली आणि तिची पत्रिका मांडायला सांगितली. सम की विषम, मूळ की संयुक्त, विभाजक किती, उलटी वाचली तर काय होतं, असलं सगळं. शनिवारी पालकांसमोर तक्ता लावून बोलायचं. आमच्या वाट्याला आली दहा लाख एक.

आमची लेक चारचौघांत बोलायचं म्हटलं की घामाघूम होते. "चूक निघाली तर मी परत कधी उभी राहणार नाही," असं तिनं आधीच जाहीर केलं होतं.

"मी वीस वर्षं महाळुंग्याच्या कंपनीत क्वालिटीला आहे. तपासणी हाच माझा धंदा!" मी म्हणालो.

"आधी स्वतःच्या शर्टाची बटणं तपासा," बायको म्हणाली. एक काज चुकलं होतं.

तरी मी बसलो. दोन, तीन, पाच, सात करत एकोणीसपर्यंत भाग देऊन पाहिला. आठही वेळा बाकी उरली. तक्त्यावर ठळक अक्षरांत लिहवून घेतलं : मूळ संख्या.

शनिवारी मॅडमनी विचारलं, "मूळ आहे हे कसं ठरवलंस?"

"बाबांनी आठ संख्यांनी भाग दिला."

"आठच?"

मी उठलो. "मॅडम, आमच्याकडे लॉटमधले आठ नग पास झाले की अख्खा लॉट पास."

"बरोबर हाय राव," मागून कुरुळीचे एक पालक म्हणाले. निम्म्या वर्गानं माना डोलावल्या. सगळेच कंपनीवाले.

मॅडम हसल्या. "इथं एकानं जरी भाग गेला तरी मूळपणा संपला. हजाराच्या आतल्या सगळ्या मूळ संख्या बघाव्या लागतात. बाळा, एकशे एकनं देऊन बघ."

तिनं फळ्यावर मांडून पाहिलं. भागाकार नऊ हजार नऊशे एक, बाकी शून्य. आता रडणार, म्हणून मी रुमाल काढला.

ती वळली. "बाबा, खाली बसा."

एवढा खणखणीत आवाज मी घरातसुद्धा ऐकला नव्हता. बसलो. तिनं तक्त्यावरचं 'मूळ' खोडून 'संयुक्त' लिहिलं.

"आणि नऊ हजार नऊशे एक? ती मूळ का?" मॅडमनी विचारलं.

मी तोंड उघडलं तेवढ्यात बायकोचं कोपर बरगडीत बसलं.

"माहीत नाही मॅडम," लेक म्हणाली. "शंभराच्या आतल्या सगळ्या मूळ संख्यांनी भाग देते, मग सांगते."

त्या पंचवीस निघतात. बाकीच्या पोरांचे तक्ते ताटकळत होते, पालक घड्याळं बघत होते. मॅडमनी दोनदा "पुरे" म्हणून पाहिलं. तिनं ऐकलं नाही. मी मान खाली घालून भागाकार मोजत होतो. सतरावा चालू होता.