शुभदाआत्याचा दुसरा अंक

आमच्या शुभदाआत्याने ढीगभर नाटकं पाहिलीत, पण सगळी मध्यंतरापर्यंत. तिचा सर्वेश बावीस वर्षांचा. व्हीलचेअरवर असतो, डायपर लागतो, आणि नाटकाचा नाद भयंकर. पण एवढ्या मोठ्या मुलाला आडवं करून बदलायला नाट्यगृहात जागा कुठे? बाथरूमच्या ओल्या लादीवर त्याला झोपवायचं नाही म्हणजे नाही, असं आत्याचं ठाम मत. म्हणून मध्यंतर झालं की रिक्षा, ती थेट टिटवाळ्याला घरी. दुसरा अंक मी एकटी पाहायचे आणि दुसऱ्या दिवशी सगळ्यांच्या आवाजात त्यांना करून दाखवायचे.

परवा कळलं, कल्याणच्या नाट्यगृहात बदलायची खोली झालीय. रुंद बाक, पडदा, बेसिन, सगळं. लगेच कालच्या प्रयोगाची तिकिटं काढली.

"नसेलच," आत्या सकाळपासून म्हणत होती. "असली तरी कुलूप असेल."

मध्यंतराला गेलो तर दार उघडं. बाकावर मात्र नारळ. सत्काराचे, शालींसकट, छातीएवढा ढीग.

"अहो, हा बाक माणसांसाठी आहे ना?" आत्या म्हणाली.

"ताई, उद्या सत्कार हाय." हा पंढरीकाका, तिथला शिपाई. सगळं नाकातून बोलतो. "नारळांना सपाट जागा लागते, नायतर गडगडतात."

"माझा मुलगाही गडगडतो."

काकाने सर्वेशकडे पाहिलं. सर्वेश आपल्या अडखळत्या बोलण्यात, अगदी शांतपणे म्हणाला, "काका, नारळ... थांबतील. मी नाही."

मग काय, काका काखेत नारळ मारून पळतोय, मी ओढणीत भरून त्याच्यामागे. आत्याने शाली उचलल्या, बाक पुसला, पडदा ओढला.

बाहेर वड्यांची रांग संपली, लोक आत जाऊन बसले.

"सुरू झालं का गं, सान्वी?" पडद्याआडून आत्याचा घाबरा आवाज.

"ताई, घंटा मीच देतो," दाराबाहेरून नाकातलं उत्तर आलं. "तुमचं होऊ द्या निवांत."

आत्याने सोडलेला श्वास मला पडद्याबाहेर ऐकू आला.

दुसऱ्या अंकात मी सांगायच्या सवयीने सर्वेशच्या कानात कुजबुजायला लागले, तर म्हणतो, "गप ना. कळतंय मला."

पडदा पडला. लोक उठले, ढकलाढकली सुरू झाली. आत्या जागची हलेना.

"चल की गं."

"सुटताना एवढी गर्दी असते?" ती बघतच राहिली. मग पाय लांब करून टेकून बसली. "होऊ दे कमी. आपल्याला कुठे घाई आहे."